बिबट्याच्या गळ्यात जीपीएस आहे, मग तो ॲपवर का दिसत नाही?

मावळातल्या कुठल्याही गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. भातकापणी सुरू झाली की एखादा व्हिडिओ येतोच. गाडीच्या दिव्यात चमकणारे दोन डोळे आणि मागून कुणाचा तरी आवाज, "अरे थांब, काच वर घे आधी." खाली मेसेज: पवनानगर रोड, आत्ताच. अर्ध्या तासात तोच व्हिडिओ कामशेतच्या ग्रुपवर "कामशेत" होऊन येतो, रात्री तळेगावात पोचतो आणि सकाळी लोणावळ्यात. बिबट्या एक, गावं चार.

आणि त्याखाली एक कमेंट हमखास असते. "जेवण घेऊन येणारा डिलिव्हरी बॉय नकाशावर दिसतो, मग बिबट्या का नाही? सगळ्यांना जीपीएस कॉलर लावा आणि एक ॲप काढा."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात, साधारण तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा जीव गेला. त्यातली दोन मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, आणि शेवटी एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्यानंतर माद्यांची नसबंदी, एआय सायरन, जादा पिंजरे अशा उपायांची यादी रोज वाढत गेली. अशा वातावरणात "तो नेमका कुठे आहे ते मला फोनवर दिसू दे" असं एखाद्या आईला वाटलं तर त्यात चूक काय?

चूक काहीच नाही. पण कॉलर हे गजराचं घड्याळ नाही. कॉलर कशासाठी असते आणि पुणे-नगर पट्ट्यातल्या बिबट्यांवर झालेल्या संशोधनातून काय हाती लागलंय, ते बघितलं की ॲपपेक्षा कितीतरी उपयोगी गोष्टी कळतात. त्या आपण वापरत नाही, ही खरी तक्रार आहे.

तुमचा फोन रोज चार्ज होतो

आधी एक गैरसमज काढून टाकू. जीपीएसचे उपग्रह तुम्हाला वरून बघत नसतात. ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा सतत सांगत राहतात. ते ऐकून हिशोब करतो तुमचा फोन. म्हणजे जीपीएसमुळे कॉलरला "मी कुठे आहे" एवढंच कळतं. ते आपल्याला कळवायचं तर वेगळी सोय हवी. कॉलरमध्ये सिमकार्ड असेल तर ती एसएमएस पाठवते, सॅटेलाइटची सोय असेल तर उपग्रहामार्फत निरोप येतो, आणि काहीच नसेल तर संशोधक हातात अँटेना घेऊन डोंगर चढतो आणि बीप-बीप ऐकत फिरतो.

आता राजमाचीला किंवा आंदर मावळाच्या आतल्या वाडीवर गेल्यावर तुमच्या फोनला किती कांड्या येतात ते आठवा. बिबट्याच्या सिमकार्डालाही तेवढ्याच येतात. तो दरीत उतरला की कॉलर जागा साठवून ठेवते आणि रेंज मिळाल्यावर एकदम पाठवते. तुमच्या नकाशावर ठिपका उमटतो तोवर बिबट्या पुढच्या डोंगरावर गेलेला असतो.

दुसरी अडचण बॅटरीची. तुमच्या फोनला जागा पटकन सापडते, कारण उपग्रह आत्ता कुठे आहेत याची माहिती त्याला मोबाइल नेटवर्ककडून तयार मिळते. कॉलरला ती मदत नसते. तिला आकाश धुंडाळावं लागतं आणि त्यात चार्ज जातो. शिवाय फोन रात्री चार्जिंगला लागतो, बिबट्याला कोण लावणार? प्राण्याच्या अंगावरचं यंत्र त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत ठेवायचं, असा संशोधकांचा साधारण दंडक आहे, म्हणजे बॅटरी मोठी करायलाही मर्यादा. म्हणून कॉलर दिवसातून काही वेळा, फार तर तासाला एकदा जागा घेते. डिलिव्हरी बॉयसारखी दर काही सेकंदाला नाही.

आणि कॉलर लावायची तर बिबट्या पकडावा लागतो, बेशुद्ध करावा लागतो, सोबत पशुवैद्य लागतो, वरून परवानग्या लागतात. वाढत्या वयाच्या पिल्लांना तर गळ्यात घट्ट पट्टा घालताच येत नाही. म्हणजे कितीही पैसे ओतले तरी काही बिबटे कॉलरवाले आणि बाकीचे बिनकॉलरचे, हीच स्थिती राहणार. इथेच ॲपची कल्पना धोकादायक होते. समजा नकाशा कोरा दिसला. तुम्ही मुलाला अंधारात दुकानात पाठवलं. कोऱ्या नकाशाचा अर्थ "इथे बिबट्या नाही" असा नव्हताच, "इथे कॉलरवाला बिबट्या नाही" एवढाच होता.

नकाशा सगळ्यांसाठी खुला न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्यात पुण्याचं नाव येतं. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेलवर यायची, तो अकाउंट उघडायचा प्रयत्न झाला. सिस्टीमने तो अडवला. पाहिलं तर तो प्रयत्न पुण्यातून झालेला दिसला. करणारा शिकारीच होता असं काही सिद्ध झालं नाही, पण वाघाचा पत्ता इंटरनेटवर चोरीला जाऊ शकतो ही धास्ती तेव्हापासून बसली ती बसलीच.

सीलच्या डोक्यावरची डबी

मग या यंत्रांचा उपयोग काय? ते समजून घ्यायला मावळातून थेट अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात जाऊ, कारण प्राण्याच्या अंगावर यंत्र लावून काय साधता येतं हे सीलच्या अभ्यासात सगळ्यात ठळक दिसतं. आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत, पण फोटो तुम्ही पाहिले असतील: बर्फावर लोळणारा गुबगुबीत प्राणी आणि डोक्यावर अँटेना असलेली डबी. ती डबी केसांना गोंदाने चिकटवलेली असते. एलिफंट सील दरवर्षी कात टाकावी तसे केस टाकतात, त्यासोबत डबीही गळून पडते. कुणाला काढायला जावं लागत नाही.

पाण्याखाली जीपीएस चालत नाही. सील दोन किलोमीटरपेक्षा खोल बुडी मारू शकतो आणि श्वासाला वर येतो तो थोडाच वेळ. म्हणून डबीत खाऱ्या पाण्याचा स्विच असतो. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते तोवर डबी गप्प, वाहणं थांबलं की तिला कळतं की आपण वर आलो. मग ती उपग्रहांच्या सिग्नलचा क्षणभराचा तुकडा पकडते, त्याचा पूर्ण हिशोब नंतर केला जातो. जमवलेली माहितीही ती वर असतानाच पाठवते.

२००४ पासून सीलच्या डोक्यावरच्या अशा डब्यांनी समुद्राच्या तापमानाची आणि खारटपणाची पाच लाखांहून जास्त खोलवर मोजमापं जमा केली आहेत. हिवाळ्यात बर्फाखाली, जिथे जहाज पोचत नाही, तिथलीसुद्धा. २०२३ मध्ये तर एलिफंट सीलच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी मोजणारी टोपी बसवून कळलं की खुल्या समुद्रात असताना तो दिवसाला जेमतेम दोन तास झोपतो, तेही खोल पाण्यात गिरक्या घेत बुडताना, डुलक्याडुलक्यांनी.

यातल्या एकाही संशोधकाला सील "आत्ता" कुठे आहे याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती सवय. कधी झोपतो, कुठे खातो, का मरतो. बिबट्याच्या कॉलरचंही तेच काम आहे.

पाच बिबटे काय सांगून गेले

२००९ सालची गोष्ट. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक मोठा नर बिबट्या वनविभागाने बाहेर काढला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याला जीपीएस कॉलर लावली, आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. स्वभावाने शांत, म्हणून नाव पडलं "आजोबा". तो घाटात राहीलच अशी आशा असेल तर ती त्याने लवकरच मोडली. ३७ दिवसांत तो सरळ रेषेत मोजलं तरी ८९ किलोमीटर चालला. रेल्वेरूळ, महामार्ग, वस्त्या ओलांडत पोचला थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात. वाटेत कुणालाही त्याने हात लावला नाही. २०१४ मध्ये त्याच्यावर सुजय डहाके यांनी मराठी सिनेमा केला, तुमच्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल.

आजोबा एकटा नव्हता. महाराष्ट्रातले चार आणि हिमाचल प्रदेशातला एक अशा पाच बिबट्यांच्या कॉलरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले दोघे, आजोबा आणि एक मादी, पकडल्या जागेपासून ५२ किलोमीटर लांब सोडले होते. दोघेही तिथे थांबले नाहीत. मादी पाच महिन्यांत सरळ रेषेत ४५ किलोमीटर लांब गेली. उरलेल्या तिघांना पकडलं होतं त्याच्याजवळच सोडलं. ते आठ ते पंधरा चौरस किलोमीटरच्या छोट्याशा टापूत गुपचूप राहिले.

आता जरा दचकायला होईल असा आकडा. दाट वस्तीच्या भागातल्या बिबट्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के नोंदी घरापासून २५ मीटरच्या आतल्या होत्या. २५ मीटर म्हणजे अंगणातून गोठ्यापर्यंत. दिवसा हेच प्रमाण एक टक्क्याहून कमी. रात्री ते तासाला सरासरी ३३९ मीटर फिरत होते, दिवसा फक्त ६०.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही भीतीच वाटली. मग दुसरी बाजू लक्षात आली. हे बिबटे रोज रात्री लोकांच्या भिंतीला घासून जात होते आणि लोकांना पत्ताही नव्हता. याचा अर्थ बिबट्या निरुपद्रवी आहे असा नाही, पिंपरखेडच्या घरांसमोर उभं राहून असं कुणी म्हणू शकणार नाही. पाच जनावरांवरून सगळ्या बिबट्यांचा स्वभाव सांगणंही घाईचं ठरेल. पण "बिबट्या दिसला" आणि "बिबट्या हल्ला करणार" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या ग्रुपवर त्या एकच समजल्या जातात.

"पकडा आणि लांब नेऊन सोडा"

ही मागणी मावळातही दर वेळी होते. ती का करू नये हे सांगणारा सगळ्यात जवळचा पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातले २९ बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटर लांबच्या जंगलांत सोडले गेले. हेतू चांगलाच होता: शेतातला बिबट्या जंगलात गेला की प्रश्न मिटेल.

त्याआधी, १९९३ पासून, जुन्नर भागात वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. जीव जाणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. ज्या जंगलांत बिबटे सोडले, त्यांच्या आसपासही हल्ले झाले. हा अभ्यास २०११ मध्ये छापून आला.

कारणं समजायला अवघड नाहीत. पिंजऱ्यात अडकून जखमी झालेलं, माणसांच्या गराड्यात दिवस काढलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं तर ते भेदरलेलं असतं आणि घराकडे निघतं. वाटेत त्याला माहीत नसलेली गावं लागतात. इकडे रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, आणि बरेचदा तो तरुण, अनुभव नसलेला असतो. मी गावकरी असतो तर पिंजऱ्याची मागणी मीही केली असती. फक्त ज्या बिबट्याने खरंच माणूस मारला तो, आणि रस्त्यावर नुसता दिसला म्हणून पकडलेला, यात फरक करायचा आग्रह धरला असता. पहिल्याला कायमचं हटवावंच लागतं. दुसऱ्याला उचलून पलीकडच्या तालुक्यात सोडणं म्हणजे आपला प्रश्न दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे, तेही वाढवून.

भुशी डॅमचा वडापाव आणि बिबट्या

कॉलर कुठे फिरला ते सांगते, काय खाल्लं ते सांगत नाही. ते कळतं विष्ठेतून. बिबट्याच्या विष्ठेत शिकारीचे केस राहतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते कुठल्या प्राण्याचे ते ओळखता येतं. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात असा अभ्यास झाला. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात नुसत्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या नव्हे, कुत्रे.

जुन्नर-शिरूरसारखा मैलोन्‌मैल सलग ऊस मावळात नाही. इथे भातखाचरं आहेत, डोंगर आहेत, आणि त्याच्या जोडीला बंगले, रिसॉर्ट, ढाबे आणि शनिवार-रविवारची गर्दी आहे. लोणावळ्यात पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी भुशी डॅमच्या वाटेवर किंवा टायगर पॉइंटला काय पडलेलं असतं ते तुम्ही पाहिलंय. अर्धवट खाल्लेला वडापाव, कणसं, बिर्याणीचे डबे. त्यावर कुत्रे जगतात. आणि कुत्र्यांवर कोण जगतं ते वरच्या आकड्यात आलंच. लोक म्हणतात "जंगल कमी झालं म्हणून बिबट्या गावात आला". हे अर्धंच खरं आहे. तो आलाय कारण इथे जेवण आहे, आणि ते जेवण वाढायला आपलाही हात लागतोय.

यात एक तब्येतीचा मुद्दाही आहे, ज्याकडे जवळजवळ कुणी बघत नाही. तो समजायला पुन्हा सीलकडे यावं लागेल. १९८७-८८ मध्ये सायबेरियातल्या बैकल सरोवरात हजारो सील मेले. विषाणू निघाला कॅनाइन डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांचा आजार. १९८८ मध्येच उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर त्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूने १८ हजारांच्या आसपास सील मारले. डिस्टेंपर कुत्र्यांपुरता राहत नाही, मार्जारकुळातही शिरतो. १९९४ मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीच्या सिंहांपैकी जवळपास एक तृतीयांश त्यानेच गेले. आणि २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा त्यांच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला. ते निदान कुठे झालं? पुण्यात, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत.

आता मावळातला बिबट्या आठवा, ज्याचं जेवणच भटका कुत्रा आहे. म्हणून लोणावळ्यातल्या भटक्या कुत्र्यांचं लसीकरण आणि कचऱ्याची गाडी हे नगरपालिकेचे कंटाळवाणे विषय बिबट्याच्या प्रश्नाच्या मधोमध येतात. एखाद्या ॲपपेक्षा नक्कीच जास्त.

मग तंत्रज्ञान लावायचं तरी कुठे?

एक जागा सरळ दिसते. वस्तीच्या कडेला बसवलेला एआय कॅमेरा. तो बिबट्याला कॉलर आहे की नाही विचारत नाही. समोरून गेला, ओळखला, सायरन वाजवला, फोनवर मेसेज आला. जिल्ह्यात अशी यंत्रणा बसवायला सुरुवातही झाली आहे. तिची कसोटी एकच: चुकीचे सायरन किती. कुत्रा गेला तरी भोंगा वाजायला लागला की आठवड्याभरात लोक त्याच्याकडे लक्ष देणं सोडतात. महिन्याभराने वनविभागाला विचारायचा प्रश्न हाच, "किती वेळा वाजला आणि त्यातला खरा कितीदा?"

दुसरी जागा रस्त्याची. मावळाला जुना हायवे, एक्सप्रेसवे आणि रेल्वे अशा तीन रेघांनी कापलंय. २०११ मध्ये घोडबंदर रोडवर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. शरीरात बसवलेल्या चिपवरून कळलं की तो आजोबा होता. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप, तिला बॅटरीही नसते. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच राष्ट्रीय उद्यानात सावित्री आणि महाराजा अशा नावांच्या बिबट्यांना कॉलर लावल्या गेल्या. बिबटे रस्ते कुठून ओलांडतात हे कळणं हा त्यातला एक मोठा फायदा. मावळात कॉलरचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो. दोन-चार बिबटे वर्षभर कुठून रस्ता पार करतात ते कळलं, तर भुयारी वाट कुठे हवी आणि कुंपण कुठे, यासाठी अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

आणि तिसरी जागा तुमच्या खिशात आहे. बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी माणसाच्या बोटांच्या ठशासारखी असते, दोघांची सारखी नसते. कॅमेऱ्यात आलेल्या बाजूच्या फोटोवरून संशोधक बिबटे मोजतात ते याच्याच जोरावर. म्हणजे गाडीतून, काच वर ठेवून घेतलेला तुमचा व्हिडिओ हा पुरावा होऊ शकतो. पण व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की तो आकसतो, आणि फाइलच्या पोटात असलेली तारीख, वेळ, जागा पुसली जाते. मग पवनानगरचा बिबट्या कामशेतचा व्हायला वेळ लागत नाही, आणि एआयने बनवलेला खोटा बिबट्या खऱ्यापासून वेगळा काढणंही अवघड होतं.

म्हणून दिसलाच, तर आधी वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर फोन करा. व्हिडिओ मागितला तर अटॅचमेंटमध्ये जाऊन "डॉक्युमेंट" निवडा आणि मूळ फाइल पाठवा. आणि ग्रुपवर टाकायचाच असेल तर वेळ आणि ठिकाण व्हिडिओखाली स्वतः टाइप करा. "आत्ताच" असं लिहू नका, रात्री अकराला पोचलेल्या माणसाला तुमचं "आत्ताच" संध्याकाळी सातचं होतं हे कसं कळणार?